‘हजारो लोकांच्या रक्ताची’ बाटली मुलाला द्यायची का?

एका बाबांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सात वर्षांचा, वजन २० किलो, तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त गोठवणारं ‘फॅक्टर ८’ हे प्रथिन जन्मतःच जवळपास नाही. गेल्या आठवड्यात उजवा गुडघा सुजला. जिल्हा रुग्णालयात फॅक्टर ८ ची ५०० युनिटची बाटली शिरेतून दिली, बारा तासांनी दुसरी द्यायची होती. खोक्यावर ‘मानवी रक्तद्रवापासून तयार केलेले’ असं लिहिलेलं एका नातेवाइकाने वाचलं आणि सांगितलं, की यात हजारो लोकांचं रक्त एकत्र केलेलं असतं, एड्स आणि काविळीची भीती असते. त्यापेक्षा तालुक्याच्या दवाखान्यात पूर्वी लावायचे ती प्लाझ्माची, म्हणजे रक्तद्रवाची, पिशवी बरी, निदान ती एकाच माणसाची असते. मग दुसरा डोस घेतलाच नाही. आता ते विचारताहेत, की हे बरोबर केलं का? कृत्रिम फॅक्टरचा आग्रह धरायचा का? मेहुणीला पाळीत फार रक्त जातं, तिला हे औषध चालेल का? आणि अशी एक बाटली घरात ठेवली तर अपघातात, बाळंतपणात किंवा साप चावल्यावर घरातल्या कुणालाही देता येईल का?

आधी तातडीचं सांगते. गुडघा अजून गरम लागत असेल, मुलगा पाय सरळ करत नसेल किंवा लंगडत असेल, तर हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच त्याच रुग्णालयात न्या आणि डोस घ्या. मी मुलाला तपासलेलं नाही. त्याच्या अंगात फॅक्टरविरोधी प्रतिपिंडं, म्हणजे आम्ही ज्याला इन्हिबिटर म्हणतो ती, तयार झाली आहेत का, हेही मला ठाऊक नाही. त्यामुळे नेमका डोस तिथले डॉक्टरच ठरवतील. पण तुम्ही ज्या कारणासाठी नकार दिलात, ते कारण आजच्या बाटलीला लागू होत नाही, एवढं मी ठामपणे सांगू शकते.

तुमचे नातेवाईक जे म्हणाले ते हवेतून आलेलं नाही. १९८०च्या सुरुवातीला अमेरिका-युरोपात फॅक्टरच्या बाटल्या हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनत होत्या आणि त्यातले विषाणू मारण्याची सोय नव्हती. एका दात्याला संसर्ग असला की सगळा घाणा दूषित व्हायचा. अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या हिमोफिलिया रुग्णांना त्या काळात एचआयव्हीची लागण झाली. घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. ती भीती लोकांच्या मनात बसली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिली, यात नवल नाही. रुग्णाच्या घरचं कुणी हे विचारतं तेव्हा मी कधीच रागावत नाही.

पण त्याच धक्क्यातून ही बाटली बदलली. १९८५च्या आसपास दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे उष्णता: फॅक्टर द्रवरूपात ६० अंशांवर दहा तास ठेवायचा, किंवा कोरडी पूड ८० अंशांवर तीन दिवस. दुसरी म्हणजे सॉल्व्हंट-डिटर्जंट. ही मला फार साधी आणि सुंदर वाटते. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सी, या तिन्ही विषाणूंवर चरबीचं वेष्टन असतं. तुपाचं भांडं साबणाने घासल्यावर जे होतं तेच इथे होतं. वेष्टन विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. फॅक्टर हे प्रथिन आहे, त्याला असं वेष्टनच नाही, म्हणून ते टिकतं. नंतर रसायन काढून टाकतात. अनेक कंपन्या यावर आणखी एक टप्पा म्हणून अतिसूक्ष्म गाळणीही वापरतात. या पद्धती नीट रुळल्या त्याला तीन दशकांहून जास्त काळ लोटला. तेव्हापासून अशा प्रक्रिया केलेल्या परवानाधारक फॅक्टरमधून या तीन विषाणूंचा प्रसार जगभरात थांबला आहे.

वेष्टन नसलेले दोन विषाणू मात्र साबणाला दाद देत नाहीत: हेपॅटायटिस ए आणि पार्व्हो बी-१९. म्हणून हिमोफिलियाच्या प्रत्येक मुलाला हेपॅटायटिस ए आणि बी, दोन्ही लसी दिलेल्या असाव्यात असा माझा आग्रह असतो. तुमच्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. लस स्नायूत न देता त्वचेखाली, बारीक सुईने द्यायला सांगा आणि नंतर ती जागा पाच मिनिटं दाबून धरा.

आता पिशवीकडे येऊ. ‘निदान एकाच माणसाची’ हे ऐकायला पटतं, पण तिथेच हिशेब चुकतो. रक्तपेढीतल्या पिशवीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते, ती सक्तीचीच आहे. पण दात्याला चारच दिवसांपूर्वी लागण झाली असेल तर तपासणीत ती दिसत नाही आणि पिशवीतला विषाणू जिवंतच राहतो. आपल्याकडच्या नेहमीच्या प्लाझ्मा आणि क्रायोच्या (प्लाझ्मातून काढलेला साका, त्याबद्दल पुढे सांगते) पिशव्यांवर विषाणू मारण्याची प्रक्रिया झालेली नसते. बाटलीत तपासणी असते आणि वर प्रक्रियाही. पिशवीत नुसती तपासणी. दात्यांची संख्या मोजून भागत नाही, विषाणू मारलेत की नाहीत ते बघायचं.

दुसरा हिशेब मात्रेचा. हा मी बाह्यरुग्ण विभागात कागदावर करून दाखवते, कारण आकडे समोर आले की आईवडिलांच्या मनातला गुंता सुटतो. फॅक्टर ८ चं एक युनिट दर किलोमागे दिलं की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. गुडघ्यातला रक्तस्राव थांबवायला पातळी ४० टक्क्यांपर्यंत न्यायची असेल, तर २० किलोच्या मुलाला २० गुणिले २०, म्हणजे ४०० युनिट लागतात. बाटली ५०० ची असली तर आम्ही सगळीच देतो, उरलेली फेकायची कशाला! पाच-दहा मिलिलिटर पाणी, काही मिनिटांत काम झालं.

हेच प्लाझ्माने करायचं ठरवलं तर? उत्तम प्लाझ्मात एका मिलिलिटरला एक युनिट फॅक्टर असतो, पिशवी साठवण्यात-वितळवण्यात त्यातलाही थोडा जातो. म्हणजे ४०० मिलिलिटरहून जास्त. तुमच्या मुलाच्या अंगात एकूण रक्तच दीड लिटर आहे. एवढा द्रव घाईने दिला तर छातीत पाणी होऊन दम लागेल, हळू दिला तर आधी दिलेला फॅक्टर संपत जाईल. म्हणून प्लाझ्माने पातळी वीस-तीस टक्क्यांच्या वर नेणं अवघड. तालुक्याला पूर्वी पिशवी लावल्यावर गुडघा उतरायला आठवडा लागायचा, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण हेच.

क्रायो मधल्या पायरीवर बसतं. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळवला की तळाशी एक साका राहतो, आणि फॅक्टर ८ त्या साक्यातच असतो. हे १९६४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ज्युडिथ पूल यांनी दाखवून दिलं. त्याआधी हिमोफिलियाच्या मुलाला अक्षरशः पिशव्यांमागून पिशव्या प्लाझ्मा लावायचे. क्रायोच्या एका पिशवीत १५-२० मिलिलिटरमध्ये साधारण ८० युनिट फॅक्टर ८ मिळतो. तुमच्या मुलाच्या एका डोसला पाच पिशव्या, म्हणजे पाच दाते.

मी शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा आमच्याकडे फॅक्टर क्वचितच यायचा. रात्री रक्तपेढीतून पाच पिशव्या आणायच्या, ३७ अंशांच्या पाण्यात वितळवायच्या, चिकट पिवळसर द्रव एकेक करून सिरिंजमध्ये ओढायचा. तोवर खाटेवरचं पोर गुडघ्याखाली उशी घेऊन निपचित पडलेलं असायचं. त्यातल्याच एका मुलाला पुढे हेपॅटायटिस सी निघाला. आपल्याकडे रक्तपेढ्यांत त्याची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली, त्याचं बालपण त्याआधीचं. दर खेपेला पाच दाते धरले तर दहा वर्षांत किती होतात ते तुम्हीच मोजा. त्याच्या आईने मला विचारलं होतं, “मॅडम, आम्ही कुठं चुकलो?” त्या चुकल्या नव्हत्या. त्यांना बाटली मिळाली नव्हती. त्या बाईंची आठवण असल्यामुळे, हातात आलेली बाटली कुणी नाकारली की माझा जीव वरखाली होतो.

क्रायो टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. फॅक्टरची बाटली जवळपास कुठेच नाही, डोक्याला मार लागलाय आणि मोठं रुग्णालय तीन तासांवर आहे, अशा वेळी क्रायो मिळालं तर ते घ्यायचंच. तेही नसेल तर प्लाझ्मा, आणि त्याच वेळी पुढे निघायचं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, की फॅक्टर ९ क्रायोमध्ये नसतो. हिमोफिलिया बी असलेल्या, म्हणजे ज्याला फॅक्टर ९ च कमी आहे अशा, रुग्णाला क्रायोचा काहीही उपयोग नाही. ‘हिमोफिलिया आहे ना, लावा क्रायो’ असं घाईत होताना मी पाहिलं आहे. म्हणून मुलाच्या दप्तरात आणि तुमच्या पाकिटात एक कार्ड ठेवा: हिमोफिलिया ए, फॅक्टर ८, पातळी १ टक्क्याहून कमी, रक्तगट, आणि उपचार करणाऱ्या केंद्राचा फोन.

आता तुम्ही न घेतलेल्या दुसऱ्या डोसबद्दल. फॅक्टर ८ अंगात फार टिकत नाही, दर आठ ते बारा तासांनी निम्मा होतो. लहान मुलांत तर आणखी लवकर. ५०० युनिटने पातळी ५० टक्के झाली असेल, तर बारा तासांनी २५ आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जेमतेम १२. रक्तस्राव अगदी सुरुवातीला पकडला तर एका डोसमध्येही भागतं. पण गुडघा टम्म फुगल्यावर नेलं असेल, तर आत साचलेलं रक्त शोषलं जाईपर्यंत आतलं अस्तर नाजूक असतं आणि पाय जमिनीवर टेकला की पुन्हा फुटतं. त्या रक्तातलं लोह अस्तरात मुरतं, अस्तर जाड होतं, जाड अस्तरात नव्या नाजूक रक्तवाहिन्या येतात आणि त्या आणखी सहज फुटतात. तोच गुडघा पुन्हा पुन्हा भरायला लागतो. विशी-पंचविशीत गुडघा न वाकणारी मुलं मी पाहते ती या चक्रातून आलेली असतात. खोक्यावरच्या मजकुरापेक्षा मला या उशिराची भीती जास्त वाटते.

तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, त्याचं ऐका. सूज दिसायच्या आधी मुलं सांगतात, “आत मुंग्या येतायत”, “पाय भरल्यासारखा वाटतोय”. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून आपण म्हणतो की शाळा बुडवायची असेल. डोस देण्याची सगळ्यात चांगली वेळ तीच. तोवर पाय उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा. निर्गुडीचा शेक, गरम मीठ, तेलाने चोळणं, हाडवैद्याकडून बसवून घेणं, यातलं काहीही नको. शेकाने रक्तस्राव वाढतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल; ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक घरात असतील तर त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. स्नायूत इंजेक्शन तर कुणालाच देऊ देऊ नका.

कृत्रिम, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींमध्ये वाढवलेल्या रिकॉम्बिनंट फॅक्टरबद्दल. त्यात मानवी रक्ताचा संबंध जवळपास नसतो, म्हणून विषाणूंच्या दृष्टीने तो सर्वांत निश्चिंत, हे खरं. पण ‘महाग म्हणजे सगळ्या बाबतींत चांगला’ असं इथे नाही. सिपेट नावाचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातलीही मुलं होती. ज्यांना फॅक्टर कधीच किंवा फारसा मिळालेला नव्हता अशा मुलांपैकी काहींना प्लाझ्मापासूनचा आणि काहींना कृत्रिम फॅक्टर चिठ्ठ्या टाकल्यासारखा वाटून दिला. इन्हिबिटर तयार होण्याचं प्रमाण प्लाझ्मावाल्या गटात साधारण २७ टक्के निघालं आणि कृत्रिम गटात जवळपास ४५ टक्के. प्लाझ्मापासूनच्या फॅक्टरबरोबर येणारं व्हॉन विलेब्रांड प्रथिन त्याला शरीराच्या पहारेकऱ्यांपासून झाकत असावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. सगळे तज्ज्ञ यावरून एकच निष्कर्ष काढत नाहीत.

तुमच्या मुलापुरतं बोलायचं तर इन्हिबिटरचा धोका पहिल्या पन्नासेक डोसांत सर्वाधिक असतो. त्याला आजवर किती वेळा फॅक्टर मिळाला ते वहीतून मोजा. तो आकडा आणि इन्हिबिटरची तपासणी, या दोन गोष्टी हातात आल्याशिवाय मी प्रकार बदलायचा विचारही करणार नाही. जो फॅक्टर तुमच्या रुग्णालयात सातत्याने आणि मोफत मिळतो तो वेळेवर घेणं, हे शहरातून उसनवारी करून आणलेल्या कृत्रिम फॅक्टरच्या चार बाटल्यांपेक्षा कितीतरी मोलाचं. डोस नेहमीचाच, तरी सूज उतरत नाही, असं कधी झालं तर मात्र त्याच दिवशी इन्हिबिटर तपासायला सांगा. तो निघाला तर साधा फॅक्टर ८ वाया जातो आणि वळसा घालून गुठळी करणारी वेगळी औषधं लागतात. त्यातलं एक, फिबा, हेही मानवी प्लाझ्मापासूनच बनतं.

एमिसिझुमॅब या त्वचेखाली देण्याच्या इंजेक्शनबद्दलही केंद्रात जरूर विचारा. ते आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्यातून एकदा देतात आणि फॅक्टर ८ चं काम दुसऱ्या मार्गाने करून घेतात. शिरा सापडत नसलेल्या लहान मुलांना त्याने फार मोठा आधार दिला आहे. पण ते रक्तस्राव होऊ नये म्हणून आहे. गुडघा भरल्यावर त्याचा ज्यादा डोस देऊन उपयोग नाही, तेव्हा फॅक्टरच लागतो. आणि ते चालू असताना फिबा मोठ्या मात्रेत दिलं तर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा गंभीर धोका असतो. म्हणून कोणतं औषध चालू आहे ते त्या कार्डावर ठळक लिहा.

मेहुणीचं. हा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलात, पण मला तो तुमच्या मुलाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्या तुमच्या पत्नीच्या सख्ख्या बहीण आहेत. हिमोफिलियाचा दोष आईकडून येतो, तेव्हा पत्नी वाहक असण्याची शक्यता आहे आणि मेहुणीही असू शकतात. वाहक बायकांना स्वतःला काही होत नाही, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. ते चूक आहे. काही वाहक स्त्रियांची फॅक्टर ८ ची पातळी ४० टक्क्यांच्या खाली असते आणि त्या वर्षानुवर्षं ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं’ म्हणत रक्त कमी होऊन थकत राहतात.

दुसरी शक्यता व्हॉन विलेब्रांड आजाराची, म्हणजे वर सांगितलेलं तेच प्रथिन कमी किंवा सदोष असण्याची. तो बायकांनाही होतो. १९२६ मध्ये एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं ते आलांड बेटांवरच्या एका मुलीच्या कुटुंबावरून. ती मुलगी पुढे चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने गेली. अनेक बहिणी आणि आत्या-मावश्यांचं रक्त असं जात होतं म्हणूनच, हा हिमोफिलियापेक्षा निराळा आजार आहे हे त्यांच्या लक्षात आलं. मेहुणींना विचारा: पहिल्या पाळीपासूनच असं जातं का, लहानपणी घोळणा फुटायचा का, दात काढल्यावर दिवसभर रक्त वाहिलं का, सहज काळेनिळे डाग पडतात का. आणि तपासणी दोन्हींची करा, फॅक्टर ८ आणि व्हॉन विलेब्रांड फॅक्टर.

औषध इथे निदानावर ठरतं. त्या वाहक असतील आणि पातळी थोडीच कमी असेल, तर पाळीच्या दिवसांत ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या संप्रेरकांनी भागतं, बाटलीची गरज बहुधा पडतच नाही. व्हॉन विलेब्रांडचा तीव्र प्रकार असेल, तर प्लाझ्मापासून बनवलेला फॅक्टर ८ लागतो, आणि तोही ज्यात व्हॉन विलेब्रांड प्रथिन भरपूर आहे असाच. नुसत्या कृत्रिम फॅक्टर ८ मध्ये ते प्रथिन नसतं, म्हणून तो कितीही दिला तरी पुरेसं काम होत नाही. ज्या ‘माणसाच्या रक्तातली’ बाटली म्हणून तुम्ही बिचकलात, तीच इथे योग्य औषध ठरते. त्यांना पुढे दिवस गेले तर आधीच सांगून ठेवा: गरोदरपणात फॅक्टर ८ आपोआप वाढतो आणि बाळंतपणानंतर उतरतो, म्हणून रक्तस्राव घरी गेल्यावर, आठ-दहा दिवसांनीही होऊ शकतो.

आता घरातल्या बाटलीचं. मुलासाठी घरी डोस ठेवायला मिळत असेल (काही केंद्रं शिकवून देतात), तर जरूर ठेवा. इतर कुणासाठी नाही. गुठळी म्हणजे एकामागून एक काम करणाऱ्या माणसांची रांग समजा. तुमच्या मुलाच्या रांगेत आठवा माणूस नाही, बाटली तेवढाच पुरवते. दुसऱ्याच्या रांगेत आठवा आधीच उभा असतो. त्याला आणखी एक देऊन रक्त थांबत नाही, उलट नको तिथे गुठळी व्हायची भीती.

बाळंतपणात अतोनात रक्त जातं तेव्हा बहुतेक वेळा सर्वांत आधी फायब्रिनोजेन संपतं. ज्या धाग्यांनी गुठळी विणली जाते तो हा कच्चा माल. प्रसूतीगृहातून मला फोन येतो तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, साध्या काचेच्या नळीत घेतलेलं रक्त गोठलं का? एकदा डॉक्टर म्हणाल्या, “दहा मिनिटं झाली, नळी आडवी केली तर पाण्यासारखं वाहतंय.” प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ होता, पण उत्तर त्या नळीत होतं. गरोदर बाईचं फायब्रिनोजेन एरवी लिटरला चार-सहा ग्रॅम असतं, ते दोनच्या खाली आलं की आम्ही सावध होतो. अशा वेळी क्रायोच्या दहा पिशव्या किंवा फायब्रिनोजेनची तयार बाटली लागते. पिशव्या वितळायला अर्धा तास जातो. बाटलीची पूड पाण्यात विरघळवली की झालं, गट जुळवण्याचीही गरज नाही. मात्र गर्भाशय आकुंचन पावत नसेल, कुठे फाटलं असेल, तर ते दुरुस्त केल्याशिवाय कोणतीही बाटली तारत नाही.

कुणाच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल आणि एसिट्रॉम किंवा वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर डोक्यात रक्तस्राव झाल्यावर चार घटकांचं प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स देतात. त्यात २, ७, ९ आणि १० असे ‘व्हिटॅमिन के’वर अवलंबून असणारे फॅक्टर असतात, आठवा नसतो. ६० किलोच्या माणसाला प्लाझ्मा द्यायचा तर जवळपास लिटरभर लागेल आणि ते हृदय तो पेलणार नाही. हे औषध साठ-सत्तर मिलिलिटरमध्ये बसतं. बरोबर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन द्यावंच लागतं, नाहीतर काही तासांत परिणाम ओसरतो.

सापाचं थोडक्यात. घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त गोठत नाही, कारण विष सगळा माल वापरून संपवतं. विष अंगात असताना वरून आणखी माल ओतला तर तेही संपणार. आधी सर्पविषावरचं प्रतिविष, तेही लगेच. घरात बाटली शोधत बसू नका, गाडी काढा.

तुमच्या त्या नातेवाइकांना माझा एक निरोप द्या. एक लिटर प्लाझ्मातून साधारण दोनशे युनिट फॅक्टर ८ हाती लागतो. म्हणजे तुमच्या मुलाच्या ५०० युनिटच्या एका बाटलीमागे दहा-बारा जणांनी रक्तदान केलेलं असतं. त्याच प्लाझ्मातून दुसऱ्या कुणासाठी अल्ब्युमिन आणि इम्युनोग्लोब्युलिनही निघतं. गावातल्या शिबिरात ते स्वतः रक्त देतील तर लाल पेशी एकाला आणि प्लाझ्मा दुसऱ्याला जाईल.

पुढच्या वेळी केंद्रात जाताना तीन गोष्टी घेऊन जा. एक, फॅक्टरची वही: तारीख, कोणता सांधा, मुंग्या कधी आल्या, डोस किती वाजता, आणि बाटलीवरचा बॅच नंबरचा चिकटपट्टीचा तुकडा. दोन, दोन्ही गुडघ्यांचा घेर, रोज सकाळी वाटीच्या मधोमध दोरा गुंडाळून मोजलेला; डाव्याशी तुलना केली की सूज उतरतेय की नाही हे डोळ्यांपेक्षा दोरा नीट सांगतो. तीन, तुमची पत्नी आणि मेहुणी, दोघी. रक्त तपासायला त्याच दिवशी देता येईल. आणि सिस्टरांना सांगून बाटली विरघळवताना एकदा जवळून बघा. बाटली आधी फ्रीजबाहेर ठेवून कोमट होऊ देतात, पाणी काचेच्या कडेने सोडतात, मग हलवत नाहीत, तळहातांत धरून हळूच गोल फिरवतात, म्हणजे फेस होत नाही. मुलालाच ती फिरवायला द्या. आमच्याकडची मुलं सात-आठ वर्षांची झाली की हे काम मागून घेतात, आणि मग सुई लागताना रडतही नाहीत.